तपकीरचे वाईट दिवस

२ फेब्रुवारी, सकाळ

रोजनिशी पुन्हा सुरू. मागची कधी बंद पडली ते आठवत नाही आणि आठवायची हौसही नाही. या वर्षी फक्त मुद्द्याचं लिहायचं.

कालच्या स्पर्धेत तपकीर दुसऱ्याच अडथळ्यासमोर थांबली. चारही पाय रोवून उभी. वळवून पुन्हा नेली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा घंटी वाजली. बाद. बाहेर येताना कोणीतरी टाळ्या वाजवल्या, बहुधा थंडीमुळे.

मालकीणबाई हजर होत्या. (उद्या मीच विसरलो तर म्हणून लिहून ठेवतो : मालकीणबाई म्हणजे या रायडिंग स्कूलच्या मालकीण. मी त्यांचा मुख्य प्रशिक्षक. तपकीर त्यांची घोडी, पण चार वर्षांची अल्लड होती तेव्हापासून घडवली मी.) रंग तपकिरी, नाक सदा फुरफुरतं, म्हणून तपकीर. आता नऊ वर्षांची. ऐन वय. उडी घेते तेव्हा वर बसलेल्या माणसाला आपण काहीतरी चांगलं काम केलंय असं वाटतं. पण मूड. सगळा घोळ मूडचा.

परतीच्या वाटेवर गाडीत मालकीणबाईंना शांतपणे समजावलं की घोडी माजावर आहे. मादी म्हटल्यावर चालायचंच. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, जानेवारीतही तेच म्हणाला होतात. म्हटलं, चक्र असतं ते. त्या म्हणाल्या, फारच फिरतंय तुमचं चक्र.

संकल्प : घोडीच्या चक्राचा शास्त्रशुद्ध अभ्यास. वजन कमी. चिडायचं नाही.

५ फेब्रुवारी

अभ्यास सुरू. इंटरनेटवर या विषयाचा नुसता पूर आहे. घोडीचं चक्र साधारण तीन आठवड्यांचं, त्यातले पाच-सहा दिवस ती माजावर. मग शेपटी उचलते, थोडी थोडी लघवी करते, किंचाळते, शेजारच्या घोड्याकडे ओढ घेते. कामात लक्ष नाही. टाच सहन होत नाही. पाठीला हात लावू देत नाही.

तपकीरला टाच सहन होत नाही! पोटाखालचा तंग आवळताना कान मागे पाडते, दात दाखवते. खरारा करताना पाठीवर ब्रश फिरला की कातडी थरथरवते. सगळं तंतोतंत जुळतंय. वाचता वाचता अंगावर काटा आला.

शेपटी उचलणं, किंचाळणं वगैरे अजून दिसलेलं नाही. स्वभावाने लाजाळू असेल.

वजन उद्यापासून.

९ फेब्रुवारी

चार्ट केला. म्हणजे किचनमधलं कॅलेंडर घेतलं आणि तपकीर ज्या ज्या दिवशी वाईट वागते त्या तारखांना लाल गोल, जानेवारीचेही आठवून. चांगले दिवस मोकळे. दोन महिन्यांत नमुना हाती आला की स्पर्धांच्या तारखा त्याप्रमाणे ठरवायच्या. इतकं साधं कोणाला कसं सुचलं नाही, याचंच आश्चर्य वाटतं.

लेकीला दाखवला. लेक माझीच विद्यार्थिनी, आता तेवीस वर्षांची, स्कूलमध्ये लहान मुलांच्या बॅचेस घेते. बघत राहिली. मग म्हणाली, बाबा, एकदा खोगीर तपासून घेऊया का? म्हटलं, खोगिराचा काय संबंध? ते बुरूजचं खोगीर आहे.

बुरूज म्हणजे माझा जुना घोडा. त्याच्यावर मी काय काय जिंकलं ते इथे लिहीत नाही, उगाच बढाई वाटेल. एवढंच की जिंकलो तेव्हा त्या खोगिरावरच बसलो होतो. आता बुरूज नाही. खोगीर आहे. चामडं अजून लोण्यासारखं मऊ.

लेक बरं म्हणाली. तिचं ‘बरं’ अलीकडे तिच्या आईसारखं व्हायला लागलंय.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळ

घरात अबोला.

सासूबाई राहायला आल्यात. सकाळी चहा घेताना त्यांनी कॅलेंडर बघितलं, लाल गोल बघितले, बायकोला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. दार लावून बराच वेळ कुजबुज. बाहेर आल्या तेव्हा सासूबाईंचा चेहरा गंभीर. मला म्हणाल्या, या वयात जरा जपा दोघांनी. बायको पन्नाशीची, मी त्रेपन्नचा. मला काही कळलं नाही, पण मोठ्यांचा सल्ला म्हणून मान हलवली. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला जाते. जाताना म्हणाली, संध्याकाळपर्यंत ते कॅलेंडर तबेल्यात गेलेलं असलं पाहिजे, त्याच्याबरोबर तुम्हीही गेलात तरी चालेल.

कॅलेंडर दाणा-चंदीच्या खोलीत, पोत्यांच्या वर लावलं आहे. तिथे ओल आहे. कागद फुगतो.

२६ फेब्रुवारी

गुडघा दुखतोय म्हणून आज लेकीला तपकीरवर बसवलं. स्वतःचं खोगीर घालून बसली, म्हणाली तुमचं मला मोठं होतं. चाललं तर चालू दे म्हटलं.

घोडी फार सुरेख चालली. मान सैल, पाठ वर, दुडकीत नुसती तरंगत होती. कुंपणाशी उभा राहून बघत होतो. बरं वाटलं. थोडं कसंतरीही वाटलं, पण ते सकाळी नीट खाल्लं नव्हतं म्हणून.

चार्टमध्ये आजची तारीख मोकळी. चांगला दिवस होता, त्यात लेकीला मिळाला. नशीब असतं एकेकाचं.

१४ मार्च

स्पर्धा. चार्टप्रमाणे उत्तम दिवस. मुद्दाम निवडलेला.

अडथळ्यांचे तीन आडवे बार पाडले, एकदा थांबली. उतरल्यावर तंग सोडायला गेलो तर माझ्या बाहीला चावली. कोट फाटला.

गाडीत बसून शांतपणे विचार केला. चार्टमध्ये चूक नाही. घोडी चार्टप्रमाणे वागत नाहीये.

मालकीणबाईंनी ऑफिसमध्ये बोलावलं. चहा दिला नाही. म्हणाल्या, तुमच्या मेहनतीबद्दल प्रश्न नाही, पण जूनच्या फायनलपर्यंत काही दिसलं नाही तर घोडी पैदाशीला पाठवून देऊ. रक्त चांगलं आहे, शिंगरं चांगली होतील. वर हसून म्हणाल्या, तुम्हीच तर म्हणता, तिचं सगळं लक्ष तिकडेच असतं.

बाहेर आलो. तपकीर ठाणात उभी राहून गवत चघळत होती. मला बघून फुरफुरली. पाच वर्षं रोज सकाळी हे नाक बघतोय. पैदाशीच्या फार्मवर ती वर्षातून एकदा व्याणार आणि उरलेला वेळ कुंपणाकडे बघत उभी राहणार. तिथे तिला कोण फुरफुरू देणार?

काहीतरी केलं पाहिजे. अभ्यास वाढवतो.

२ एप्रिल

मूड शांत करणारी पावडर आली. पूर्णपणे वनस्पतीजन्य. डब्यावर एका घोडीचं चित्र आहे, डोळे अर्धवट मिटलेले, बायको रविवारी दुपारी दिसते तशी.

चंदीत मिसळली. तपकीरने वास घेतला, वरचा ओठ वळवून दात दाखवले आणि टोपली पायाने उलटी केली. दुसऱ्यांदा मिसळली, तेव्हा सगळी चंदी फुरफुरून माझ्या तोंडावर. दिवसभर शिंका. संध्याकाळी मात्र मला फार शांत झोप लागली. म्हणजे पावडर चांगली आहे, घ्यायची कोणी एवढाच प्रश्न.

९ एप्रिल

नवीन माहिती. घोडीच्या गर्भाशयात काचेची मोठी गोटी ठेवली की शरीराला वाटतं आपण गाभण आहोत, आणि माज येत नाही. साधं. स्वस्त. खेळण्यांच्या दुकानात गेलो. लिंबाएवढी गोटी मिळाली, आत निळी नक्षी. दुकानदाराने विचारलं, नातवंडासाठी का? म्हटलं, घोडीसाठी. त्याने पिशवी दोनदा गाठ मारून दिली.

डॉक्टरबाईंना फोन केला. आमच्या सगळ्या घोड्यांचं त्याच बघतात. गोटीचं आधी पूर्ण ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, तुम्ही स्वतः काही केलेलं नाही ना? नाही म्हटल्यावर त्यांचा श्वास फोनवर ऐकू आला. म्हणाल्या, ती पद्धत आता सोडून दिलेली आहे. गोट्या आत फुटतात, अडकतात, आणि उपयोग होईलच असं नाही. घोडीला त्रास असेल तर मी येते, नीट तपासते. म्हटलं, तपासायचं काय त्यात? निदान झालेलं आहे. कोणी केलं? मी. त्या म्हणाल्या, बरं.

सगळ्या बायकांना हे ‘बरं’ कुठे शिकवतात?

गोटी टेबलावर ठेवली आहे. कागद उडू नयेत म्हणून चांगली आहे.

२८ एप्रिल

चार्टवर आता मोकळी तारीख शोधावी लागते. एप्रिल जवळजवळ लाल. याचा अर्थ एकच : चक्र लांबलं आहे. इंटरनेटवर असंही होतं असं एका बाईंनी लिहिलं आहे. त्यांच्याकडे घोडी नाही, मांजर आहे, पण शरीरशास्त्र शेवटी एकच.

नवीन काहीतरी मात्र दिसलं. दोन आठवड्यांपूर्वी दोन-तीन दिवस तपकीर शेजारच्या ठाणातल्या घोड्यापाशी शेपटी उचलून उभी राहायची, किंचाळायची. बहुधा पोट बिघडलं असेल. त्या दिवसांत लेकच बसत होती तिच्यावर, मला दाढदुखी. लेक म्हणाली, बाबा, ही आत्ता माजावर आहे. म्हटलं, शक्य नाही, चार्टप्रमाणे माज संपून चार दिवस झालेत. आणि माजावर असती तर एवढी छान उडाली असती का?

लेकीने कपाळाला हात लावला. तिलाही ताप असेल. सगळीकडे साथ आहे.

वजन तेवढंच. हाडं जड आहेत.

१४ मे

थकलोय. रोज सकाळी उठून त्याच घोडीशी तेच भांडण. टाच लावली की मागे सरकते. पुढे घातली की पाठ वाकवते. आज भिंतीच्या अडथळ्यासमोर पुन्हा थांबली. फायनलला महिना राहिलाय.

चाबूक वापरला. तीन-चार फटके असतील. एरवी मी वापरत नाही, सगळ्यांना माहीत आहे. पण कधी कधी माज उतरवावा लागतो, जुने प्रशिक्षक हेच सांगायचे. नंतर तिने भिंत ओलांडली. म्हणजे उपाय लागू पडला.

लेक कुंपणाशी होती.  हातातली बादली तिथेच ठेवून निघून गेली. बादली अजून तिथेच असेल.

उपाय लागू पडला असं वर लिहिलंय. तेच महत्त्वाचं.

१८ मे

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाचता आलं नाही तर उत्तमच.

स्पर्धेत पहिल्या अडथळ्यासमोर ती थांबली, मी थांबलो नाही. भिंत मी एकट्याने पार केली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर.

मी खाली पडलेलो असताना तपकीर पळून गेली नाही. शेजारी येऊन उभी राहिली, माझ्या हेल्मेटवर नाक ठेवून. कापत होती. मला वाटलं मीच कापतोय.

हॉस्पिटलमध्ये बायको आली, दुकानातून तशीच, गळ्यात दोरीचा चष्मा, पदराला चष्मा पुसायचं फडकं खोचलेलं. सगळं सांगितलं तिला. माज, चक्र, चार्ट, चाबूक. तिने उशी नीट केली. मग विचारलं, मग कुणाचा उतरला माज?

औषधाने गुंगी होती. मी डोळे मिटून घेतले. 

२३ मे

मालकीणबाईंनी मला न विचारता डॉक्टरबाईंना बोलावलं.

आधी सोनोग्राफी. डॉक्टरबाईंनी कोपरापर्यंत हातमोजा चढवला, स्क्रीनवर काळे-पांढरे ठिपके. म्हणाल्या, दोन्ही अंडाशयं उत्तम, अगदी पुस्तकात छापावी अशी. आत्ता माजावर नाही. मी म्हटलं, गेल्या रविवारी तर होती. त्या म्हणाल्या, नाही, गेल्या रविवारीही नसणार, हिचा पुढचा माज दोन-तीन दिवसांत, त्यानंतरचा जूनमध्ये. बरोबर फायनलच्या आसपास.

मी चार्ट काढून दाखवला. फुगलेला, पण तारखा दिसतात. त्यांनी मन लावून पाहिला. माझी खिल्ली उडवली असती तर बरं झालं असतं. म्हणाल्या, हे जानेवारीचे लाल गोल कसले? म्हटलं, माजाचे. त्या म्हणाल्या, हिवाळ्यात दिवस लहान असतात तेव्हा बहुतेक घोड्यांची अंडाशयं झोपलेली असतात हो. दिवस मोठे झाले की जागी होतात.

म्हटलं, मग हे सगळं खोटंच का? त्या म्हणाल्या, नाही. काही घोड्यांना खरंच त्रास होतो, कुशीत दुखतं, चिडतात, त्यांना औषध आहे, मी देतेही. पण लोक घोडी म्हटलं की आधी तेच धरून बसतात आणि दुखतंय कुठे ते बघायचं राहून जातं.

मग त्यांनी दोन बोटं तपकीरच्या पाठीवर, खोगीर बसतं तिथे ठेवली आणि हलकेच दाबली. घोडी खाली बसते की काय असं वाटलं. दुसऱ्या बाजूला दाबली. डाव्या बाजूला जास्त.

खोगीर मागवलं. बुरूजचं. तपकीरच्या पाठीवर ठेवलं आणि मला म्हणाल्या, खाली हात घाला. माझा चांगला हात. बोटंसुद्धा गेली नाहीत. हिचे खांदे रुंद आहेत, बुरूजचे अरुंद होते. सगळं वजन दोन ठिकाणी. आणि बसणारा डावीकडे कलतो, असं त्या म्हणाल्या. जुनी पडझड असेल. मी म्हटलं, मी कलत नाही. लेक म्हणाली, कलता बाबा.

मग तिनेच खोगीर उतरवून घेतलं. 

२४ मे

आज काही लिहायचं नाही.

२५ मे, सकाळ

तबेल्यात गेलो. लवकर, कोणी यायच्या आत. ठाणात ओल्या भुश्शाचा वास. तिच्या पाठीवर हात ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला. कातडी थरथरली. मग काही वेळाने थांबली.

मी तिच्याशी बोललो. काय ते लिहीत नाही. घोड्यांना भाषा कळत नाही, असं मी स्वतः मुलांना शिकवतो.

परत येताना खोगीर माळ्यावर टाकलं. लेक म्हणाली, मी पुसून ठेवते. तिने पुसून कापडात बांधलं.

३ जून

नवं खोगीर बसवून घेतलं. डॉक्टरबाईंनी सांगितलेला दहा दिवसांचा आराम संपला, आता हळूहळू. वर लेक बसेल, असं ठरलं. म्हणजे मालकीणबाईंनी ठरवलं. माझा हात प्लास्टरमध्ये आहे, त्यामुळे मीही तेच ठरवलं असतं.

मी कोपऱ्यात स्टुलावर बसून सूचना देतो. लेक ऐकते. त्यातल्या काही पाळतेही.

१० जून

आता खरी अडचण. फायनल ऐन माजात येतेय. हे मी म्हणत नाही, डॉक्टरबाईंनी स्क्रीनवर बघून सांगितलंय. मी म्हटलं, मग औषध द्या, माज पुढे ढकला. त्या म्हणाल्या, हिला गरज नाही. मालकीणबाईंना म्हटलं, नाव मागे घेऊ. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन उचलला, दुसऱ्याच कोणाचा तरी.

लेकीला नीट समजावायला गेलो. त्या दिवसांत मादीचं लक्ष नसतं, अंग जड होतं, चिडचिड होते, तू धोका पत्करू नकोस. लेक रिकिबीचा पट्टा पुसत होती. म्हणाली, बाबा, मार्चमध्ये मी जिल्हा स्पर्धेत रिबन आणली तेव्हा माझे कुठले दिवस होते ते विचारलं होतंत?

घरी बायकोला सांगितलं. तिला अलीकडे मध्येच घाम फुटतो, पंखा लावते, बंद करते, पुन्हा लावते. मला वाटायचं पंखाच बिघडलाय. दोनदा इलेक्ट्रिशियन बोलावला होता मी. ती म्हणाली, पंचवीस वर्षं दर महिन्याला त्या दिवसांतही कामावर गेले, आता हे घेऊन जाते. चष्मे बरोबर नंबरचेच दिले. कोणी माझ्यासाठी दुकान पुढे ढकललं नाही.

आज पंखा मी लावला. तिने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, उकडतंय. मग तिला थंडी वाजली आणि बंद केला.

१६ जून, संध्याकाळ

फायनल झाली. हात दुखतोय, तरी लिहितो.

वॉर्म-अपमध्ये तपकीरने लाज आणली. एक काळा स्टॅलियन, खच्ची न केलेला घोडा, आलेला होता, मोठ्या स्कूलचा. त्याला बघताच किंचाळली, शेपटी वर, सगळ्यांसमोर लघवी. लोक हसले. मालकीणबाई दुसरीकडे बघायला लागल्या. मी लेकीला ओरडून सांगितलं, बाहेर काढ तिला! लेक हसली, मान थोपटली, एक गोल फिरवून रिंगमध्ये घेऊन गेली.

मी कुंपणाला धरून उभा. पहिला अडथळा.  तपकीरने कान पुढे केले. पाच वर्षांत इतके पुढे केलेले कान मी वरून कधी बघितले नव्हते, वरून दिसतात तेव्हा ते मागेच असायचे.

उडाली. दुसरा. तिसरा. भिंतीसमोर मी डोळे मिटले. टापांचा आवाज थांबला, मग पलीकडे पुन्हा सुरू झाला. एकही बार पडला नाही. बरोबरी झालेल्यांना पुन्हा धावायला लावलं तेव्हा काळ्या स्टॅलियनने वेळ कमी घेतला, तपकीर दुसरी.

मालकीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, घोडी कुठेही जायची नाही. मग म्हणाल्या, पुढच्या सीझनला लेकच बसेल. मी म्हटलं, अर्थात. अर्थात हा शब्द एवढा लांब असतो हे माहीत नव्हतं.

बक्षीस घेताना लेकीने खाली उतरून खोगीर सैल केलं आणि तपकीरच्या पाठीवर, नेमक्या त्या जागी हात फिरवला. घोडी हलली नाही.

चहाच्या टपरीवर दुसऱ्या स्कूलच्या एका प्रशिक्षकाला मी समजावून सांगितलं की माजावर असताना घोडी उलट जास्त चांगली उडते, यावर माझा बराच अभ्यास झालेला आहे. तो म्हणाला, बरं.

२८ जून

प्लास्टर निघालं. हात बारीक झालाय, बाकीचा मी नाही.

डॉक्टरांनी घोड्यावर बसायला हरकत नाही असं सांगितलं. मालकीणबाईंना तसं कळवलं. त्या म्हणाल्या, छान, आधी बैठक दुरुस्त करून घ्या, लेकीशी बोला.

लेकीशी बोललो. तिने माझ्यासाठी पोस्टमन निवडलाय. वीस वर्षांचा खच्ची घोडा, दर ठाणासमोर थांबतो म्हणून पोस्टमन. पाठ टेबलासारखी. रिकिबी काढून घेणार, ती मधोमध उभी राहून लांब दोरीवर गोल फिरवणार. नवशिक्यांना फिरवतात तसं. मी तिला म्हटलं, मी या स्कूलचा मुख्य प्रशिक्षक आहे. ती म्हणाली, हो बाबा, सकाळी सातला या.

मालकीणबाईंचाच हुकूम असावा. तिच्या मनात असं येणार नाही. आणि माझ्यासारख्याला एका बैठकीत जमेल.

२९ जून

जमलं नाही.

पोस्टमन चालत होता, मी डावीकडे घसरत होतो. लेक म्हणायची, बैठकीचं उजवं हाड खाली, बाबा. मी उजवं हाड खाली केलं की डावा खांदा वर. दोनदा त्याच्या आयाळीला धरलं. एकदा मानेला. त्याने मागे वळून बघितलं, चिडून नाही, कोण आहे ते बघायला.

दुडकी मागितली. लेक म्हणाली, आज नुसती चाल. दुडकीचं पुढच्या आठवड्यात बघू.

शेवटच्या फेरीत क्षणभर काहीतरी बरोबर झालं. दोन्ही हाडं टेकली. घोड्याची पाठ खाली-वर होत होती आणि मी तिच्या आड येत नव्हतो. लेकीने दोरी थोडी सैल सोडली. मग पुन्हा घसरलो.

तोवर नव्या बॅचची मुलं कुंपणाशी येऊन उभी राहिली होती, आजच भरती झालेली, डोक्यावर मोठाली हेल्मेटं. त्यातल्या एका चिमुरडीने लेकीला विचारलं, ताई, हे काकापण नवीन आहेत का?

लेकीने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, हो, आजच आलेत.